दुसरी येत नाही

सत्त्याऐंशी साली मी मेले
एरंडवण्यातल्या भाड्याच्या बंगल्यात,
मागच्या खोलीत, दुपारी अडीचच्या सुमारास.
दिग्दर्शक म्हणाला, कॅमेरा दाराबाहेरच राहील.
दार लोटलं गेलं.
आत मी आणि माझा खुनी,
एरवी कोथरूड डेपोतला टाइमकीपर,
सतरंजीवर मांडी घालून बसलो.
त्यानं डबा उघडला. धिरडी होती.
"चटणी तिखट आहे," तो कुजबुजला.
बाहेर कॅमेरा दाराकडे बघत राहिला
चाळीस सेकंद.
मग उंबऱ्याखालून रक्त सरकलं:
गुलाबाचं सरबत, चिमूटभर कोको, थोडी काजळी.
तिसऱ्या टेकला मुंग्या आल्या.
त्याही ठेवल्या.

लोक म्हणायचे, फार भयंकर मारलं हो तुम्हाला.
मंडईतली एक लिंबूवाली सुटे परत देताना
माझा हात दाबून बघायची, गरम आहे का.

आता तोच सिनेमा नव्यानं आलाय.
नीरजा, माझी भाची, घेऊन गेली,
सिंहगड रस्त्याला, पाय पसरता येतात अशा खुर्चीवर.
या वेळी खोलीला दारच नाही.
माझ्या जागी तेवीसएक वर्षांची मुलगी.
तिच्या गळ्याखाली तीळ आहे
आणि कॅमेऱ्याला तो ठाऊक आहे.
सहा मिनिटं वीस सेकंद.
मी घड्याळात बघत होते,
दुसरीकडे कुठे बघणार.
आधी बोटं. मग मनगट. मग

नाही सांगत.
सांगितलं तर मीही
कॅमेरा आत नेल्यासारखं होईल.

मागे कुणी नाचोज मोडत होतं.
एक पोरगा म्हणाला, "जुन्यात काहीच दाखवलं नव्हतं रे,
सगळी फसवणूक."

आणि तेव्हा ती आली.
किंकाळी. जुनीच.
धुऊनपुसून, चारी भिंतींतून.
मूळ चित्रपटाला आदरांजली, असं शेवटी लिहून आलं.
नीरजानं माझा दंड धरला,
"आत्या, तुझा आवाज!"

माझा नव्हता गं.
मला किंचाळता यायचंच नाही,
घशातून नुसती शिट्टी निघायची.
म्हणून एका सकाळी अंबूताई आल्या
घोले रोडवरच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत.
रेडिओवर बाजारभाव वाचायच्या.
ऐन मे महिन्यात लांब बाह्यांचं पोलकं.
चष्मा काढून ठेवला, म्हणाल्या, दिवा मालवा.

रेकॉर्डिस्टनं कानांवरचं काढून टेबलावर ठेवलं.
बराच वेळ टेप नुसतीच फिरत राहिली.
मग तो म्हणाला, बाई, खबरदारी म्हणून अजून एक.
अंबूताईंनी बाही मनगटापर्यंत ओढली.
"दुसरी येत नाही."
साठ रुपये मोजून घेतले, पावतीवर सही केली,
शनिपाराला जाणारी बस कुठे थांबते विचारलं.

थांब्यापर्यंत मी सोबत गेले.
बस लवकर येत नव्हती.
मी काही विचारलं नाही.
त्याच म्हणाल्या, संध्याकाळी कांदा-बटाटा वाचायचाय,
घसा जपायला हवा.

अडतीस वर्षं
त्या आवाजाची वाहवा मी घेत आले,
लग्नांत, हळदीकुंकवाला, एकदा तर बक्षीस समारंभात.

पडद्यावर मुलीचं तोंड उघडं होतं.
ओठ जुळत नव्हते.
एवढं तिचं कापून, उसवून, उजेडात मांडून ठेवलं
तरी आवाज येत होता
दुसऱ्याच कुठल्या खोलीतून,
जिचं दार अजून कुणी उघडलेलं नाही.

खाली पार्किंगमध्ये नीरजानं विचारलं,
"त्या वेळी दारामागे नक्की काय झालं होतं गं?"
"धिरडी," म्हटलं मी.
ती खूप हसली. मीही हसले थोडी.
मग गाडीला टेकून तिला नाव सांगितलं,
आडनावासकट, आणि म्हटलं, लिहून ठेव.
तिनं फोनमध्ये लिहिलं: अंबूताई गारपुरे.

ग नाही, म्हटलं.
घ.
घराचा.