वीण

कोपनहेगनच्या जहाजातून मीठ उतरलं, दोर उतरले,
कॉफीची दोन पोती,
आणि सामाल नावाचा सुतार. नाक गळतंय, डोळे लाल.
'समुद्राचं वारं लागलं,' म्हणाला.
आम्हीही तेच म्हणालो.

त्याच आठवड्यात देवमाशांचा कळप खाडीत शिरला.
सगळे पुरुष होड्यांत, खांद्याला खांदा,
एकाचा श्वास दुसऱ्याच्या मानेवर.
मग मांसाची वाटणी. मग रात्री नाच.
आमचा फॅरोचा नाच असा, की हात धरून वेढे घालायचे
आणि शंभर कडवी म्हणायची एकमेकांच्या तोंडावर.
सामालनं खोकत खोकत सगळी म्हटली.

बरोब्बर चौदाव्या दिवशी
गाव कानामागे तांबडं झालं.

मी आठ वर्षांची. आठवतं ते एवढंच:
गवती छपराखाली अंधार, उजेड बोचायचा म्हणून केलेला,
इकडे आई, तिकडे वडील,
कुणाला उठून कुणाला पाणी देता येईना,
आणि दार ढकलून आत येणारा गुत्ते.

गुत्ते म्हणजे शेजारचा म्हातारा गडी.
टोपी डोक्यावर असताना टोपी शोधणारा,
जित्या मेंढीला मेलेल्या मेंढीच्या नावानं हाक मारणारा.
मला रोज विचारायचा, 'तू कुणाची गं?'
तेच विचारत त्यानं आमच्या गाईची धार काढली,
चुलीला पीटच्या विटा आणल्या, सात घरांचं पाणी भरलं,
आमच्या खोकल्यापुढे वाकून दूध पाजलं.
त्याला शिंकसुद्धा आली नाही.

पुढे एक तरुण डॉक्टर आला, वही घेऊन.
कोण पडलं, कितव्या दिवशी, त्याआधी कुणाकडे गेला होतात,
घरोघर हेच.
गुत्तेला विचारलं, 'लहानपणी गोवर निघाला होता?'
'छे! मला कधी काही झालंच नाही.'
चर्चच्या जुन्या नोंदींत मात्र
एकाच आठवड्यात पुरलेल्या दोघी सापडल्या, कारण गोवर:
सुन्नेवा, वय चार. एल्स्पा, वय सहा.
गुत्तेच्या बहिणी.
डॉक्टरनं नावं मोठ्यानं वाचली. गुत्तेनं ऐकली,
परक्या गावची बातमी ऐकावी तशी.

एकदा झाला की पुन्हा होत नाही, डॉक्टर म्हणाला.
का, ते त्यालाही सांगता येईना.

मला विणता येतं, म्हणून मी असं समजते:
पहिल्यांदा तो येतो तेव्हा अंगाला त्याचं माप ठाऊक नसतं.
ताप म्हणजे रात्रभर जळता दिवा.
आत कुणीतरी घाईघाईनं विणतंय, उसवतंय,
पुन्हा टाके घालतंय,
त्याच्याच बोटांवर बसेल असा हातमोजा.
बोटं झाकली की त्याला काही धरता येत नाही.
विणून होण्याआधी तो पोचला, तर
दोन पोरी वहीत जातात.
विणून झालं, तर नमुना राहतो.
माणूस विसरतो. सुया विसरत नाहीत.

यंदा पुन्हा जहाज, पुन्हा कुणीतरी लाल डोळ्यांचं.
थोरली आणि मधला पडद्यामागे झोपलेत.
त्यांच्या आत दिवा लागलाय.
मी पाणी देते, अंग पुसते,
त्यापलीकडे माझ्या हातात काही नाही.
त्यांच्या तोंडाशी वाकायला मात्र भीत नाही.

आणि धाकटी, तीन महिन्यांची,
त्याच खोलीत, त्याच हवेत,
खुशाल हातपाय मारतेय.
रोज तिचा कान मुडपून मागे बघते. काही नाही.
तिनं अजून एक टाकाही घातलेला नाही.
पोटातून येतानाच
माझे हातमोजे घालून आलीय ती.
उसने आहेत. वर्ष सरेतो विरतील.

विरोत. तोवर मी तिला मांडीवर घेते
आणि विचारते,
तू कुणाची गं?