चौबगला

सांकवाळच्या कारखान्यातून उरलेलं कापड आणलं,
तंबूंचं, साडेतीन मीटर, एका कडेला तेलाचा डाग.
कायतान म्हणाला होता, लाल घे.
पाण्यात पडलीस तर पिकल्या डोक्याशिवाय
आणखी काहीतरी दिसेल.

लाल.
सहा वर्षं मी राखाडी नेसले, फिकट निळं,
पोस्टाच्या खिडकीमागे भिंतीत मिसळून जाणारं.
प्रेमावतीबायने कुंपणापलीकडून ते कापड पाहिलं
आणि विचारलं, घरात चिंच आहे का गं थोडी.

वास्कोच्या दुकानात एक तयार जाकीट होतं,
परदेशी, पुरुषाच्या खांद्याचं,
किंमत माझ्या दीड पगाराएवढी.
त्याची बाही आतून उलटून मी इतका वेळ पाहत राहिले
की दुकानदाराने पंखा बंद केला.

घरी आईचं मशीन.
चिखलीतल्या अर्ध्या पोरांचे गणवेश याच्याखालून गेले.
तिने शिकवलेलं हाताला सगळं आठवत होतं
आणि त्यातलं निम्मं इथे चालेना.
टाचण्या नाहीत, कपडे वाळवायचे चिमटे लावायचे.
कच्चा धावदोरा नाही.
उसवायचं तर मुळीच नाही.
सुती कापड दोन धुण्यांत विसरून जातं,
हे विसरत नाही,
सुईचं एकेक भोक कायमचं.

म्हणजे पाणी येऊ नये म्हणून आणलेल्या कापडाला
मी रात्रभर भोकं पाडत होते,
इंचाला नऊ,
आणि मग कोमट इस्त्री घेऊन, पट्टी चिकटवत,
त्यांची समजूत काढत होते.

बेत वर्तमानपत्रावर आखला होता.
पाठीच्या तुकड्यावर निधनवार्ता आल्या,
त्या वाचून झाल्यावरच कात्री चालवली.

अंगात घालून पहिल्यांदा हात वर केला
तर अख्खं जाकीट कानांपर्यंत आलं.
शिडाची दोरी अशी कशी ओढणार?
रात्री दीडला आईचा शब्द सापडला, तोंडात दोरा धरून
म्हणायची तसा, अर्धवट: चौबगला घाल.
आजोबांच्या बंडीला असायचा,
चार बोटांचा चौकोन, बगलेत तिरका बसवलेला.
त्याच्या जिवावर माणूस माडावर चढतो,
कुणाला खांदा देतो,
आणि कापड हूं की चूं करत नाही.

उजवीकडे नीट बसला.
डावी बगल उसवावी लागली.

मनगटांना सायकलची जुनी ट्यूब लावली.
मग न्हाणीत पाटावर बसून
स्वतःच्या डोक्यावर तांब्याने पाणी ओतत राहिले.
कोरडी. जवळजवळ.

कायतानने शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहिली,
जशी तो होडीची फळी पाहतो.
म्हणाला, आता आभाळालाच ठिगळ लावायला निघालीस वाटतं.
मी म्हटलं, आधी तुझ्या शिडाला लावते.

ऑक्टोबर, रविवार, झुआरीचं मुख.
दोना पावलाच्या बाजूने काळं आलं,
परतीचं, घाईतलं,
थेंब आधी पाण्यावर वाजले मग माझ्या खांद्यांवर,
पत्र्यावर वाजावेत तसे.
खनिज उतरवून परतणारं एक बार्ज जवळून गेलं.
त्याच्यावरच्या माणसाने, कोण कुठला, हात केला.
मी मागे वळून पाहिलं, कुणाला करतोय.
मागे फक्त पाणी होतं.

तेव्हाच डाव्या बगलेतून एक गार रेघ
बरगड्यांवरून खाली उतरली,
बरोबर तिथून, जिथे उसवलं होतं.
मला पत्ता विचारावा लागला नाही.
कायतान ओरडला, दोरी!
मी हात उचलला,
पूर्ण, कानाच्याही वर,
आणि जाकीट जागच्या जागी राहिलं.

संध्याकाळी ते उलटं करून दोरीवर टाकलं,
गळक्या जागेवर खडूची फुली.
प्रेमावतीबाय चिंच परत करायला आली होती.
वाटी हातातच ठेवून म्हणाली,
रंग जातो का गं याचा?
मी म्हटलं, अजून तरी नाही.