टाकीवरची रेघ

हिरामण नागपुरे टाकी पोत्यात घालून
भिवापूरच्या बसने आला.
कंडक्टरनं विचारलं, काय आहे?
तो म्हणाला, भांडं.

हिंगणा रोडवरची माझी शेड. मे महिना.
कूलरची खस वाळून कडक झालेली.
पोतं सोडलं.
ॲल्युमिनियम, चाळीस लिटर,
तळाला माझाच पंच, सातचा आकडा उलटा पडलेला.

खालचा पत्रा जसाच्या तसा, नुसता काळा.
नखानं खरवडलं की आत चकाकी.
वरचा पत्रा नाहीच.
काकवी ओघळावी तसा ओघळून गोठलेला काठ,
आणि काठाखाली लगेच रेघ,
एका बाजूला दोन बोटं तिरपी,
नाव त्या बाजूला कलली असणार.

जाळ तर चहूकडून सारखाच होता, मी म्हणालो,
पण पेट्रोल होतं तिथवर पत्र्याची धग
पेट्रोलनं पिऊन घेतली.
वर नुसती वाफ.
वाफ काय पिणार?

"उलटंच झालं मंग," तो म्हणाला.
"मानसाले तं भरल्या टाकीचंच भेव."

आम्ही जाळून पाहतो कधी एखादी,
मागच्या पडीक जागेत, घड्याळ लावून.
अडीच मिनिटं टिकली की पास.
अडीच मिनिटांत माणसानं उडी मारावी,
टाकीकडून एवढीच अपेक्षा.

"कितीक होतं आत?"
मी टेप लावला. लांबी, रुंदी, रेघेपर्यंतची उंची.
तिरपेपणाचं अर्ध वजा केलं.
साडेअकरा.

तो स्टुलावर बसला.
"बाराच देल्ले होते त्यानं. बारा.
आता सांगून राह्यला, चाळीस भरून देल्ले,
यानंच इकले."

बिलबुकाच्या पाठीमागे मी सगळं लिहिलं,
मापं, तारीख, सही.
कोणी मानेल की नाही, कोण जाणे.
माझ्याकडे शिक्का फक्त दुकानाचा.

कागद घ्यायला तो वाकला तेव्हा दिसलं:
डावा कान, मान, खांदा,
कातडी गुळगुळीत, गुलाबी, नव्यानं ताणून बसवल्यासारखी.
छातीच्या वर संपते ती. सरळ.
खाली त्याचं जुनंच अंग.

घाटाला आणखी सहा नावा बांधलेल्या होत्या.
जळतीला तो आत ढकलत नेत होता,
छातीभर पाण्यातून.
हे त्यानं सांगितलं नाही,
नंतर दुसऱ्याच कोणाकडून कळलं.

गळते का पाहू, म्हणून नळी सोडली.
पाणी रेघेपर्यंत चढलं, थांबवलं.
दोघं बघत बसलो.
एक थेंब नाही.

कापून देऊ? घमेलं होईल चांगलं.
"नाही," तो म्हणाला. पाणी ओतून दिलं,
शर्टाच्या टोकानं आतून पुसली,
पोत्याचं तोंड बांधलं.

संध्याकाळच्या बसलाही कंडक्टर विचारणारच होता.