घोळ

अंबडच्या कंपनीत कुणी ना कुणी विचारतंच,
मॅडम, रोज स्कर्टच? पॅन्ट नाही?
मी म्हणते, उकडतं.
डिसेंबरातही म्हणते,
नाशकातल्या डिसेंबरात.

सासूबाईंना डॉक्टरांचं नाव सांगितलंय.
हर्षलाला सांगितलं, मला शोभत नाही पॅन्ट.
हे तर साफ खोटं.

उजव्या मांडीवर, आतल्या अंगाला,
सातवीतल्या उकळत्या चहाचा व्रण आहे,
नेमका जिथून पॅन्टची शिवण जाते.
दुपारची शिफ्ट संपेस्तोवर
तो जागा होतो, बोलायला लागतो.

पण व्रण नसता, तरी.

भद्रकालीतले ताहेर मास्तर
न सांगता खिसा लावून देतात, कोपरापर्यंत खोल.
त्यात किल्ल्या, सुटे पैसे,
कधी मीठ लावलेला अर्धा पेरू, कागदात.

आणि होळकर पुलावर
नदीवरून वारा उठतो तेव्हा
एका हातात डबा, दुसऱ्या हातात
मुठीत गच्च धरलेला घोळ.
खिशात फोन वाजतो.
वाजू दे.
पूल संपेपर्यंत
माझे दोन्ही हात कामात आहेत.