सुमारे

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये मी सव्वीस वर्षं
कोरे पासपोर्ट मोजले.
कोरे म्हणजे सिंह आहेत, नंबर आहे,
फक्त माणूस यायचा आहे.

अंगठ्याला रबरी टोपी, शेजारी ओला स्पंज,
पलीकडच्या टेबलावर एस्तेर रणभिसे.
तिचा हात माझ्यापेक्षा जलद,
मोजताना ओठसुद्धा हलायचे नाहीत.
देश दोघींनीही सोडला नव्हता.
मी तर सापुताऱ्याच्या पुढं गेले नव्हते.

बिघडलेला कागदही आमच्याकडे कागदच.
शाई फाकली, कड दुमडली, शिवण चुकली,
तरी त्याला नोंद, त्याला सही,
त्याच्या नाशालाही दोन साक्षीदार.
नव्या पोरींना पहिल्या दिवशी सांगायचे:
इथं काही हरवत नाही.
हरवलं, तर कोणी घरी जात नाही.

एका एप्रिलात हरवलं.
एक शीट.
भोंगा झाला, गेट उघडलं नाही.
टेबलं आडवी, डबे उघडे,
पोळीच्या घडीतसुद्धा बघितलं.
तायडेबाईंचं पोर घरी तापानं फणफणलेलं.
साहेब म्हणाले, बाई, मला कळतं,
पण एक कमी आहे.
पावणेबाराला सापडलं,
दुसऱ्या शीटच्या पाठीला चिकटून.
उन्हाळ्यात कागद वीज धरतो, तसं.
टाळ्या वाजल्या. खरंच वाजल्या.

घरी आले. टीव्ही चालू, आवाज बंद,
खाली पट्टी सरकत होती:
कुठल्याशा समुद्रात बोट बुडाली,
सुमारे तीनशे.
मग क्रिकेटचा स्कोअर. तो नेमका.

दुसऱ्या दिवशी एस्तेरनं विचारलं,
'सुमारे' कुठल्या रकान्यात लिहायचं गं?
मी हसले. ती हसली नाही.
ती शरणपूरची.
तिच्या आजीची आजी म्हणे
गुलामांच्या जहाजातून सोडवलेली.
आफ्रिकेचा कुठला किनारा, कोणी लिहून ठेवलं नाही.
मुंबईला उतरवली, नाशकात आणली,
वस्तीचं नावच शरण पडलं.
आता तिथं सोन्याची दुकानं,
गाडी लावायला जागा मिळत नाही.
"म्हणजे मीपण," ती म्हणाली,
"त्या सुमारेतूनच आलेय."

मी म्हणाले, आपण काय करणार,
आपण फक्त मोजतो.
हे वाक्य मी पुढं बरीच वर्षं वापरलं.
तह मोडले तेव्हा. गावंच्या गावं
नकाशात राहून जमिनीवरून गेली तेव्हा.
दूरच्या मोठ्या सभागृहात हात वर व्हायचे;
तिथं म्हणे एकाचा हात 'नको' म्हणाला
की बाकीचे मोजून उपयोग नसतो.
असं टेबल आमच्या खात्यात
एक शिफ्टसुद्धा टिकलं नसतं.

आणि तरी, ती शिवण मीच तपासलेली.
कोणत्या रंगाच्या पुस्तकाला कुठली रांग,
ते आमच्या हातात नव्हतं,
पण पुस्तक आमच्या हातात होतं.
ज्याच्याकडे पुस्तकच नाही त्याला रांगही नाही.
त्याला रात्र, आणि हवा भरलेली रबरी होडी.

आता निवृत्त आहे. उपनगरच्या गॅलरीत
सकाळी पेपर उघडते.
टोपी नाही, तरी अंगठा ओला करते.
'सुमारे' आला की थांबते,
पुन्हा पहिल्या ओळीपासून.

वाटतं, त्या रात्री कुठल्यातरी किनाऱ्यावर
कोणीतरी गेट लावून घ्यायला हवं होतं.
दिवे लावायचे, खिसे उलटे करायचे,
राजदूतांचे, कप्तानांचे, आपलेही,
कोणाचं पोर तापलेलं असलं तरी.

पण पट्टी सरकली तेव्हा
सगळे घरी पोचले होते.
मीही.
भात गार झाला होता,
तो मी गरम करायला ठेवला.