खडूची रेघ

आयला हेकिनेन टेबलावर पाकिटं मांडते:
गॅस, घरपट्टी, दाताच्या डॉक्टरचं,
आणि नवरा सोडून गेला तेव्हा मागे राहिलेलं
क्रेडिट कार्ड, दोघांच्या नावाचं.
डुलुथमध्ये सप्टेंबरातच सरोवराकडून गारवा येतो.

ओट्टो विचारतो, "आपलं घर किती आपलं आहे?"
ती हिशेब करते. खरंच करते, पेन्सिलने.
तीस वर्षांतली सहा सरली, त्यात व्याजच जास्त.
"स्वयंपाकघर," ती म्हणते, "आणि जिन्याच्या तीन पायऱ्या."

तो खडू आणतो, तिसरीवर रेघ मारतो.
त्या रात्री वर झोपायला जाताना
स्वतःच्याच खोलीचं दार वाजवतो.

मग दर पाच तारखेला
रेघ बोटभर पुढे.

जानेवारीत बॉयलर बसला.
बँकेतल्या बाईंशी बोलायला ती चाळीस मिनिटं ताटकळली,
फोनवरचं ते संगीत ओट्टोला पाठ झालं.
हप्ता अर्धाच गेला.
"आज रेघ?"
"तिथंच राहू दे."
तो काही बोलत नाही. बर्फाचे बूट काढतो
आणि पायरीवर बसतो, गुडघे पोटाशी घेऊन,
अख्खाच्या अख्खा रेघेच्या आत.

ती वजाबाकी पुन्हा मांडते.
तीनातून आठ जात नाहीत,
शेजारून उसना घ्यावा लागतो.
शेजारी शून्य.
त्याच्याही शेजारी शून्य.

पेन्सिल कानामागे खोचून ती उठते.
"सरक जरा."
पायरी अरुंद आहे. तो सरकतो.