चार दिवसांचा पास

मारिबोर स्टेशन, तीन नंबरची खिडकी,
मंगळवार, जेवायला अजून वीस मिनिटं.
व्रेचकोबाई घरचं कॅलेंडरच घेऊन आल्या,
मधमाशीपालक संघाचं, महिन्याला एक पोळं,
आणि काचेखालच्या फटीतून त्यांनी
अख्खा ऑक्टोबर माझ्याकडे सरकवला.
"पास कुठला घेऊ? मोबाइलवरचा नको. कागदी."

मी रोजचं म्हणायला लागलो:
महिन्यातले चार दिवस, पाच दिवस, सात;
सलग पंधराचाही आहे, पण त्याला धावत राहावं लागतं.
दिवस म्हणजे मध्यरात्र ते मध्यरात्र,
त्यात गाड्या हव्या तितक्या बदला.
साठीपुढे सवलत.
आणि एक अट, जी कुणी वाचत नाही:
स्वतःच्या देशात हा पास दोनदाच चालतो,
एकदा बाहेर पडायला,
एकदा परत यायला.

"बरोबरच आहे," त्या म्हणाल्या,
जणू नियम त्यांनीच केलाय.

पहिला दिवस डॉर्टमुंड. तिथे भाऊ.
स्टेशनवर न्यायला येतील का, मी उगाच विचारलं.
"दफनभूमीत आहे तो. जन्मभर पोलादाच्या भट्टीवर होता.
जागेचं भाडं नोव्हेंबरात संपतंय,
पुढचं भरायचं का, ते बघून ठरवते."
तारखेभोवती पेन्सिलीचा गोल.

दुसरा दिवस गेंट. मुलगी, जावई,
आणि एक नात, जी फोनवर येते
ती मांजर दाखवण्यापुरती.
तिथे आठवडाभर. ते दिवस नाही ना मोजत?
नाही, म्हटलं, फक्त हलण्याचे दिवस मोजतात.
बसून राहिलेले फुकट.
यावर त्या थोडा वेळ पोळ्याकडे बघत राहिल्या.

तिसरा बाझेलपर्यंत. चौथा त्रिएस्ते.

त्रिएस्ते? ते तर आपल्या कुंपणाला लागून.
त्याला पासचा दिवस कशाला घालवता?
इथून साधं तिकीट कितीतरी स्वस्त पडेल.
"साधं तिकीट सव्वीस वर्षं स्वस्तच आहे,"
व्रेचकोबाई म्हणाल्या.

रांगेतला सायकलवाला पोरगा खोकला.

बहीण आहे. स्लाव्का.
आईच्या शिवणयंत्रावरून निघालं होतं.
मशीन केव्हाच गंजून गेलं,
अबोला मात्र तेलाच्या थेंबाशिवाय
अजून चालतोय.
"पण पैसे मोजलेला दिवस मला वाया घालवता येत नाही.
हाडातच नाही ते. तेवढ्यासाठी तरी जाईन."

मी बेरीज केली. पुन्हा केली.
अहो, तुमचे चार दिवस
त्रिएस्तेच्या फलाटावरच संपतात.
घरी यायला पाचवा लागेल.
फरक फार नाही. पाचाचा देऊ?

त्यांनी ऑक्टोबर परत ओढून घेतला,
घडी घातली, पोळ्याच्या मधोमध.
"चारच द्या.
परतीचं स्लाव्का काढील.
नाही काढलं, तर साधं तिकीट स्वस्त आहे,
तुम्हीच म्हणालात."

पास छापला. पाकिटात वेळापत्रक घातलं,
त्रिएस्तेहून सुटणाऱ्या गाड्यांखाली
रेघ मारायला पेन उचललं,
सवयीनं,
आणि टोपण लावून ठेवून दिलं.

"सायकलला वेगळं लागतं का?" पोरगा विचारत होता.
लागतं, मी म्हटलं.
बाई दाराशी थांबून चष्मा पुसत होत्या,
आणि पास पुन्हा वाचत होत्या,
मागच्या बाजूचं बारीक अक्षरसुद्धा.